पक्क्या घराची पट्टी

मोठीच्या ओसरीत फरशी होती आणि माझ्या ओसरीत शेणाचं सारवण. एवढं सांगितलं तरी घर करणाऱ्या बाईला पुढचं निम्मं कळेल. मोठी म्हणजे माझी थोरली जाऊ. वाटणी झाली तेव्हा एकाच घराचे दोन तुकडे झाले, मधोमध कुडाची भिंत आली, धानाची जमीन अर्धी-अर्धी झाली. बैल त्यांच्याकडे गेले आणि बैलगाडी आमच्याकडे आली. ही वाटणी कोणी केली ते विचारू नका. भिंती दोघींकडे मातीच्याच होत्या आणि वर छपराचे कवेलूही सारखेच. पण मोठीच्या बापानं पवनीहून गाडी भरून फरश्या पाठवल्या आणि तिच्या ओसरीचं रूपच पालटलं.

खोटं कशाला सांगू, मी जळत होते. दर चार दिवसांनी मी शेण कालवायची, गुडघे टेकून सारवायची, आणि कुडाच्या पलीकडे मोठी तांब्याभर पाणी टाकून फडकं फिरवायची, की झालं तिचं काम. वर मी सातवी पास आणि ती अंगठा. मला वाचता येत होतं, लिहिता येत होतं, पोस्टमन आला की बाया माझ्याकडे पत्रं घेऊन यायच्या. तरी गावात मान तिला. कारण तिचा नवरा, म्हणजे माझे भासरे, ग्रामपंचायतीत मेंबर होते. माझा नवरा कशातच नव्हता. तो भला माणूस होता, पण नुसत्या भल्या माणसाशी संसार करून पाहा म्हणजे कळेल.

मेंबरच्या बायकोला काय-काय सुटतं ते मी रोज मोजत होते. आमच्या गल्लीत एकच दिव्याचा खांब होता आणि तो मोठीच्या दाराशी. उजेड तिच्या अंगणात पडायचा, माझ्या अंगणात तिच्या घराची सावली. पण पावती आली की दिवाबत्तीचा कर दोघींना सारखा. सानगडीच्या बाजारात आम्ही दोघी वांगी आणि वालाच्या शेंगा घेऊन शेजारी-शेजारी बसायचो. बाजाराचा ठेका घेतलेला माणूस बाजारपट्टीच्या चिठ्ठ्या फाडत यायचा. मोठीपाशी आला की "नमस्कार वहिनी" म्हणून पुढे सरकायचा आणि माझ्यापाशी आला की टोपलं अर्धं आहे की पाव, काही न बघता पूर्ण चिठ्ठी फाडायचा. एकदा मी म्हटलं, "जी, यातले दोन शेर तरी इकू द्या पहिले." तो म्हणाला, "बाई, चिठ्ठी जागेची असते, मालाची नाही." मग शेजारची जागा काय आकाशात होती? पण हे मनातच ठेवलं. घरी येताना मोठीनं लेकरांना जिलबी घेतली, माझ्या पोरीच्या हातावरही एक तुकडा ठेवला. तो तुकडा मला चिठ्ठीपेक्षा जास्त झोंबला.

तर मी ठरवलं, माझ्याही ओसरीत शेण नको. फरशी परवडणार नव्हती, म्हणून सिमेंटचा कोबा. दोन उन्हाळे मी पहाटे उठून मोहफुलं वेचली, तेंदूपत्त्याचे पुडे बांधले, बोटं काळी केली. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, आमच्यासारख्याला कोण परमिट देणार? सानगडीच्या एका गवंड्यानं चढ्या भावानं दोन पोती दिली आणि वर कोबा घोटून देण्याची मजुरी वेगळी घेतली. नवरा म्हणाला, "आपल्याले कायले पाह्यजे हे? यंदा खताचा पैसा पुरून नाई राहिला." मी म्हटलं, "तुमाले नाई पाह्यजे, मले पाह्यजे." चार हात रुंद आणि सहा हात लांब असा तो कोबा झाला. पहिल्या दिवशी मी त्यावर नुसती बसून राहिले. स्वयंपाकाला उशीर झाला तरी कोणी काही बोललं नाही.

नेमका त्याच महिन्यात ग्रामसेवक घरं मोजायला निघाला. घरपट्टीची नवी आकारणी होती. टेप धरायला कोतवाल सोबत, काखेत लांबलचक रजिस्टर. कोणत्या दिवशी कोणती गल्ली ते भासऱ्यांना आधीच ठाऊक असणार. मला काय ठाऊक? मला फक्त एवढं दिसलं की त्या दिवशी सकाळी मोठी घमेलंभर शेण घेऊन आपल्या ओसरीत बसली आहे आणि फरशीवर सारवण घालते आहे. जाडजूड, कडेपर्यंत, एक फरशी दिसेल तर शपथ.

मी कुडाच्या टोकाला उभी राहून विचारलं, "काय वो बाई, फरशी कायले सारवून राहिली?"

"लेकरं घसरतात वो," ती मान वर न करता म्हणाली. "आन पायालेबी थंड लागते."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. वाटलं, फरशी उखडली असेल, तडकली असेल, झाकून राहिली आहे. माझा कोबा झाला आणि हिची फरशी गेली, देव आहे म्हटलं. मी घागरभर पाणी ओतून माझा कोबा असा धुतला की त्यात तोंड दिसावं.

ग्रामसेवक आधी मोठीकडे गेला. कुडातून सगळं ऐकू येत होतं. कोतवालानं टेप लावला, ग्रामसेवक बोलत-बोलत लिहीत होता, "भिंत माती, छप्पर कवेलू, जमीन सारवण. कच्चं." मी तो शब्द कानात धरून ठेवला. कच्चं. आमच्याकडे कच्चं म्हणजे नुसतं घर नव्हे. कच्ची सडक, कच्चं काम, कच्च्या कानाचा माणूस. कच्चं म्हणजे जे कमी पडलं ते. मेंबरचं घर सरकारनं कच्चं लिहिलं, हे मी आता साऱ्या गावाला सांगणार होते.

मग तो माझ्याकडे आला. मी डोक्यावरचा पदर सारखा करून म्हटलं, "बसा न जी. खाली बसलं तरी चालते, कोबा हाये."

त्यानं बुटाची टाच आपटून पाहिली. "कोबा केला काय? मग हे पक्क्यात जाते, बाई."

"जाऊ द्या न जी," मी म्हटलं.

आतून नवरा धावत आला. "साहेब, भिंती मातीच्या हायेत जी. कच्चंच हाये घर." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उंबऱ्यातच थांबला. ग्रामसेवक हसला. म्हणाला, "घरची लक्ष्मीच पक्कं म्हणते, तर मी कोण कच्चं म्हणणारा?" आणि त्यानं लिहून टाकलं. मी वाकून पाहिलं, मला वाचता येत होतं ना. आमच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात "पक्के".

पावत्या आल्या त्या दिवाळीच्या आधी. मोठीची घरपट्टी तीन रुपये आणि वर काही पैसे, माझी बारा. वरचे बाकीचे कर वेगळे. आता हसू येतं, म्हणजे हसूही येत नाही, पण तेव्हा मी ती पावती घेऊन मोठीकडे गेले आणि म्हटलं, "पाय वो बाई, माहा टॅक्स तुह्यापेक्षा जास्त आला." तिनं पावती उलटीसुलटी केली, तिला काही वाचता येत नव्हतं. म्हणाली, "बरं झालं वो. तुही ऐपत हाये." मी ताठ मानेनं परत आले.

आठ-दहा दिवसांनी सकाळी पाहते तर मोठी खराट्यानं ओसरी घासते आहे. पाणी टाकते आहे, शेणाचे पोपडे सुटून वाहताहेत, आणि खालून फरशी निघते आहे. एक तडा नाही, एक टवका नाही. मी तिथंच घागर घेऊन उभी राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती अंगठाछाप बाई सरकारला शेणानं फसवून बसली होती आणि मी सातवी पास बाई सरकारच्या हाताला धरून त्याला कोबा दाखवत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग पट्टीचा नाही, तिच्या अक्कलहुशारीचा. ती मला का नाही सुचली, याचा.

महिन्याच्या आत हरकत घेता येते, असा कागद पंचायतीच्या दाराला चिकटवलेला होता. तो मी वाचला होता. गावात मीच वाचला असेल. पण हरकतीचा अर्ज म्हणजे तो पंचायतीच्या बैठकीत वाचणार, तिथं भासरे बसलेले असणार, ते घरी जाऊन मोठीला सांगणार, आणि मोठी कुडाच्या पलीकडे गालात हसणार. बारा रुपये परवडले, ते हसू नको. मी अर्ज केला नाही.

बारा रुपये परवडले असं लिहिलं खरं, पण परवडत नव्हते. नाकापेक्षा मोती जड झाला. पक्क्या घराला आरोग्याचा करही जास्त, नवऱ्याच्या सायकलच्या कराचा बिल्ला, त्याचे पैसे वेगळे. एका वर्षी धानावर तुडतुडा पडला, तणसाशिवाय काही हाती आलं नाही. तेव्हा थकबाकीदारांची नावं पंचायतीच्या भिंतीवर लागली, त्यात आमचं. कोतवाल दारात येऊन म्हणाला, "गुंड न्यावा लागते बाई, जप्तीत." पितळेचा गुंड, पाण्याचा, माझ्या माहेरचा. मी अंड्यावरच्या दोन कोंबड्या विकून पैसे भरले. त्या कोंबड्या कोणी घेतल्या? मोठीनं. पुढे चार वर्षांनी पुन्हा आकारणी झाली म्हणतात, पण कोणी मोजायला आलंच नाही, जुन्याच रजिस्टरवरून आकडे उतरवून घेतले. दोन पावसाळ्यांत कोबा तडकला, मधे मोठं भगदाड पडलं, त्यात मी शेणच भरलं. कागदावर घर पक्कं ते पक्कंच.

हे सगळं मी गिळलं असतं. बायका काय-काय गिळतात. पण गोष्ट माझ्या पोरीवर आली.

मोठीची धाकटी आणि माझी एकुलती, दोघी एकाच वयाच्या, एकाच बाकावर बसून दहावी झाल्या. निकाल लागला तेव्हा ऐंशी साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. माझ्या पोरीला मोठीच्या पोरीपेक्षा बरेच जास्त मार्क. त्या दिवशी मी साखर वाटली, पहिली वाटी मोठीकडे नेली. एवढ्या वर्षांत एकदा माझं पारडं जड झालं होतं. माझ्या पोरीला मास्तरीण व्हायचं होतं. घरी ती शेळ्यांना पाढे शिकवायची. अकरावीसाठी साकोलीला राहावं लागणार होतं. तिथं मुलींचं एक वसतिगृह होतं, गरीब घरच्या पोरीला राहणं-जेवण फुकट, पुस्तकंसुद्धा. बाकीच्यांना महिन्याचे पैसे, आणि ते आमच्या बापजन्मात निघाले नसते. लागत होता फक्त गरिबीचा दाखला.

मोठीच्या पोरीचा दाखला एका फेरीत आला. माझा नवरा दोनदा जाऊन रिकामा आला, तेव्हा तिसऱ्यांदा मी स्वतः गेले. तलाठ्यानं पंचायतीचा उतारा समोर ठेवला. "जमीन कमी आहे ते दिसते, बाई. पण घर पक्कं. पक्क्या घरातल्याला मी गरीब कसं लिहू? उद्या माझी चौकशी लागेल." मी म्हटलं, "भिंती मातीच्या हायेत जी, येऊन पाहा." तो म्हणाला, "मी कागद पाहतो. पंचायतीकडून दुरुस्ती करून आणा."

परत येताना डोक्यात एकच गोष्ट. जमीन तेवढीच, भिंत तीच, कवेलू तेच, आणि गरिबीचा दाखलासुद्धा मोठीलाच आधी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी स्वतः आली. माझ्या ओसरीत, त्या फुटक्या कोब्यावर बसली. म्हणाली, "मले समजलं तलाठ्याचं. आयक, पंचायतीची मीटिंग सोमवारी हाये. तू एक अर्ज लिहून दे, घर कच्चं हाये, चुकून पक्कं लिहिलं गेलं म्हनून. मी आमच्या याईले सांगतो, ते मंजूर करून घेतात. वसतिगृहाची तारीख बुधवारची हाये, होऊन जाते. दोघी पोरी संगं राहतीन, तर आपल्याले बी घोर नाई."

मी सुपात तांदूळ निवडत होते, हात थांबवला नाही. तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. आज मी ते मान्य करते, तेव्हाही मला ते कळत होतं. कुचकेपणा असता तर सोपं गेलं असतं. पण मला दिसत होतं ते एवढंच: माझ्या पोरीनं मास्तरीण व्हायचं ते हिच्या मेहेरबानीनं. जन्मभर ही गावात सांगणार, मी मनावर घेतलं म्हणून शिकली. माझ्या पोरीचे मार्क, माझ्या पोरीची हुशारी, आणि श्रेय हिचं. जिलबीच्या तुकड्यासारखं हेही तिच्या हातून घ्यायचं.

"काहून लिहून देऊ?" मी म्हटलं. "माहं घर पक्कंच हाये."

मोठी म्हणाली, "येड्यावानी नको करू वो. पोरीचा सवाल हाये."

"माह्या पोरीचं मी पाहतो. तू तुह्या पोरीचं पाय."

ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, "सोमवारपर्यंत टाइम हाये. मी वाट पाहतो." मी तांदूळ निवडत राहिले.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "मी जातो भाऊकडे." मी म्हटलं, "त्या घरात पाय ठेवान तर या घरात ठेवू नका." तो बिचारा पुन्हा उंबऱ्यातच थांबला. रविवारी मी कागद-पेन घेऊन बसले होते, हेही सांगते. "मा. सरपंच साहेब" एवढं लिहिलं. मग कुडाच्या पलीकडून मोठीच्या पोरीच्या नव्या पेटीची कडी वाजली, आणि मी कागद चुलीत घातला. सोमवार गेला. बुधवारही गेला. पोरीला सांगितलं, "अर्ज देला होता, मंजूर नाई झाला." तिनं मान हलवली.

मोठीची पोरगी गेली त्या दिवशी पेटीची एक बाजू माझ्या पोरीनं धरून एस.टी.पर्यंत पोचवली. परत येऊन तिनं लुगड्याचा जुना तुकडा डोक्याला बांधला आणि माझ्यासोबत दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं रोवणीला आली. रोवणी म्हणजे चिखलात उभं राहून धानाची रोपं लावायची, दिवसभर कंबर वाकवून. ती लहानपणापासून यायची, पण सुटीच्या दिवशी. त्या दिवशी ती शाळेची पोरगी नव्हती, मजुरीतली एक बाई होती. मालकानं हजेरीत तिला पूर्ण बाई म्हणूनच धरलं. मला त्याचा राग आला आणि रोजी पूर्ण मिळाली म्हणून बरंही वाटलं.

दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, भाकर खायला बसलो. बाकीच्या बाया पुढच्या झाडाखाली होत्या. मला राहवलं नाही. मी मोठीला शिव्या द्यायला सुरुवात केली. म्हटलं, "त्याईच्याच हातात व्हती पंचायत. मनात असतं तर अर्ज मंजूर नसता केला? तिलेच नाई पाहवलं तुहं शिकनं."

पोरीनं भाकरीचा घास केला, त्यावर चटणी लावली, तो घास माझ्या हातात दिला. म्हणाली, "माय, मोठीमाय येऊन बसली व्हती त्या दिवशी, तवा मी मांगच्या दारी भांडे घासून राहिली व्हती."

मी तो घास परत फडक्यावर ठेवला.

"मग बोलली काहून नाई?" मी विचारलं. "म्हनली असती, तर मी लिहून देला असता अर्ज."

"मी पाहून राहिली व्हती सोमवारपर्यंत," ती म्हणाली. "का तुह्या मनात कोन जास्त हाये, मी का मोठीमाय."

मग ती उठली, पाटात हात धुतले आणि चिखलात उतरून आपल्या ओळीला लागली.